कोरड्या बुटांची मोहीम

बारावा डोह गाठायचा आणि तिथे सोनपाठी बेडूक अजून जिवंत आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं, एवढ्याचसाठी आम्ही चौघं त्या दिवशी पहाटे निघालो होतो. चौघं म्हणजे मी, शाळेत जीवशास्त्र शिकवणारा आणि नदीगटाचा म्हणे प्रमुख, दहावीतली भिंग, दहावीतलाच भोंगा, आणि पाणीमोजणीवाले काका.

भिंगच्या गळ्यात कायम एक भिंग लटकत असतं, म्हणून ती भिंग. भोंग्याला भोंगा का म्हणतात, ते त्याने तोंड उघडलं की आपोआप कळतं. काका गेली तीस वर्षं पुलाखालच्या पट्टीवर रोज सकाळ-संध्याकाळ नदीची उंची वाचतात. ते बोलतात कमी, पण बोलले की ऐकावं. मी नेहमी ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

आमच्या नदीगटाचं काम साधं आहे. नदीवर बारा ठिकाणं ठरलेली. दर महिन्याला मुलं रबरी बूट घालून पाण्यात उतरतात, पायाने तळ ढवळतात, पुढे जाळं धरतात, आणि जाळ्यात आलेले किडे पांढऱ्या ताटात ओतून मोजतात. कुठला किडा किती, बेडूक किती, पाणी किती गार, हे सगळं तक्त्यात भरून नदीचा मोठा नकाशा बनवणाऱ्यांकडे पाठवतात. पोरांचे आकडे आहेत म्हणून कुणी हसत नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ तेच आकडे वापरतात. फक्त बाराव्या ठिकाणचा रकाना कायम कोरा! तो डोह धबधब्याच्या वर, आणि तिथली वाट वर्षातून दहा-बारा दिवसच उघडी असते, पाणी अगदी उतरलेलं असताना.

सोनपाठी म्हणजे अंगठ्याएवढा बेडूक, पाठीवर पिवळीधमक रेघ. पूर्वी सगळ्या नदीत होता. मग खालच्या पात्रात एक बुरशी आली. ती बेडकाच्या कातडीवर बसते, कातडी जाड होते आणि बिचारा श्वास कोंडून मरतो. ही बुरशी स्वतः डोंगर चढू शकत नाही. ती ओल्या वस्तूवर बसून जाते. ओलं जाळं, ओला बूट, ओला हात! म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर जाड अक्षरांत कागद लावलाय: ‘दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात पाऊल नाही.’

तो कागद मीच लिहिला. कधी लिहिला, ते पुढे येईलच.

तर बुटांचे चार जोड आणि एक जाळं आम्ही शाळेच्या गच्चीवर चांगलं पाच दिवस वाळवलं होतं. भिंग रोज मधल्या सुट्टीत वर जाऊन प्रत्येक बुटात कोपरापर्यंत हात घालून बघायची. मग ते सगळं आणि चौघांचे कोरडे कपडे एका पाणी न शिरणाऱ्या थैलीत भरले, तोंड घट्ट बांधलं, आणि थैली भोंग्याच्या पाठीवर दिली. वाटेत आम्ही आपले साधे जुने बूट घालून जाणार, आणि वर पोचल्यावर थैली उघडून कोरडं सामान चढवणार, असा बेत होता.

"सर, मी बुटांचा हमाल आहे की शास्त्रज्ञ?" भोंग्याने निघतानाच विचारलं.

"आधी हमाल हो. शास्त्रज्ञाचं नंतर बघू," भिंग म्हणाली.

पहिले तीन तास मजेत गेले. घळ अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत गेले, आणि नदी कधी उजवीकडून तर कधी डावीकडून आमच्या सोबत चालत राहिली. मोठमोठ्या गुळगुळीत दगडांवर ऊन आलं होतं. काठावरच्या झाडांची मुळं उघडी पडून पाण्यात लोंबत होती, आणि त्यांच्या आडोशाला बारीक मासे एका जागी थरथरत उभे होते. वाटेवर नदी तीनदा ओलांडायची होती. पहिला उतार गुडघाभर. दुसरा मांडीभर, तो दोर धरून केला. भोंग्याची बडबड अखंड चालू. त्याने वाटेत दगडांना नावं ठेवली, एका सरड्याशी वाद घातला, आणि दुसऱ्या उतारावर स्वतःच्याच पराक्रमाचं धावतं वर्णन केलं. मला हसू येत होतं. दोन वर्षांत इतकं मोकळं मी हसलो नव्हतो.

खरं सांगायचं तर मी ह्या मोहिमेला मुलांसाठी निघालोच नव्हतो. वर सोनपाठी सापडला तर आपल्या मनावरचं ओझं उतरेल, एवढाच स्वार्थी हिशेब माझ्या डोक्यात होता.

तिसऱ्या उताराला काका थांबले. खाली वाकले. एका दगडाकडे बघत राहिले.

"मास्तर, पाणी चढतंय."

"कुठे? मला तर तेवढंच दिसतंय."

"दगडाचा कोरडा काठ ओला झालाय. चार बोटं तरी चढलंय. आणि रंग बघा, चहासारखा. वर डोंगरात कुठेतरी कोसळलाय पाऊस." त्यांनी काठी पाण्यात रोवली. "परत फिरायचं असेल तर आत्ता फिरू. वाट अजून उघडी आहे."

समोर अवघ्या वीस पावलांवर पलीकडचा काठ. तिथून वर धबधब्याशेजारची डोंगराची सोंड, आणि सोंडेच्या माथ्यावर बारावा डोह. आज परतलो तर पावसाळा लागणार, मग वर्षभर थांबायचं. मी म्हणालो, "चला. पटकन उतरू."

 काकांनी दोर कमरेला बांधला आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरले.

काका पोचले. दोर पलीकडच्या झाडाला बांधला. भिंग गेली. पाणी तिच्या कमरेपर्यंत! तीही पोचली. मग भोंगा निघाला, त्याच्या मागे मी. अर्ध्यात आलो आणि वरून एक गडगडाट ऐकू आला.

"ओंडका!" भिंग किंचाळली. "सर, ओंडका!"

माणसाच्या उंचीचा ओंडका सरळ आमच्यावर येत होता. भोंग्याने वळून बघितलं. त्याचा पाय निसटला. दोर हातातून सुटला! मी झेप घेतली. हातात आली ती थैलीची पट्टी. एका हातात दोर, एका हातात पट्टी, आणि पट्टीला लटकलेला भोंगा! ओंडका दोन हातांच्या अंतरावरून गेला. पाण्याने भोंग्याला ओढलं, थैली प्रवाहात सापडली, ती त्याला खाली खेचायला लागली.

"पट्ट्या सोड! थैली सोड!"

"सर, बूट—"

"मरू देत बूट! सोड म्हणतो ना!"

त्याने एक खांदा काढला. मी त्याची कॉलर पकडली. दुसरा खांदा निघाला. थैली सुटली, गरगरली, एका टोकदार दगडावर आपटली आणि खाली निघाली. मी भोंग्याला ओढलं, काकांनी मला ओढलं, आणि तिघं एकमेकांवर पडलो ते थेट काठावरच्या चिखलात.

भोंगा खोकला. पाणी ओकला. मग उठून बसला आणि म्हणाला, "सर, मी मेलो नाही ना?"

"नाही रे बाबा!" माझा जीव भांड्यात पडला. 

थैली तीस पावलांवर एका मुळात अडकली होती. काकांनी लांब फांदीने ती काठाला आणली. मी वरवर चाचपली. तोंडाची गाठ शाबूत होती. ‘वाचली,’ मी मनात म्हटलं. जड लागली, तरी नीट बघितली नाही, तशीच पाठीवर घेतली. खरं तर बघायचीच नव्हती.

आता मागची वाट बंद झाली होती. पाणी डोळ्यांदेखत वाढत होतं. काका म्हणाले, सोंड चढून वरून कड्याकडेने खाली उतरायची एक लांबची वाट आहे, तीच आता धरावी लागेल. आम्ही चढायला लागलो. उभा कातळ, हाताला मिळेल ती मुळी, घसरणारी खडी. ओले कपडे अंगाला चिकटलेले. धबधबा उजव्या हाताला इतका जवळ की बोललेलं ऐकू येईना. एकदा भिंगच्या पायाखालचा दगड सुटला आणि बराच वेळ खाली आपटत राहिला. तिने फक्त ओठ दाबले आणि दुसरा पाय शोधला. दोन तासांनी आम्ही माथ्यावर आलो. चौघंही कोरड्या कातळावर आडवे झालो.

समोर बारावा डोह होता.

आजवर मी अकरा ठिकाणं शेकडो वेळा पाहिली, पण असं पाणी पाहिलं नव्हतं. तळाचा एकेक खडा मोजून घ्यावा इतकं स्वच्छ. भोवती शेवाळलेले दगड, त्यांवर नाजूक नेचे, आणि कुठेही माणसाच्या पावलाची खूण नाही. आमच्यापासून जेमतेम तीस पावलं. आणि तेवढ्यात त्या दगडांमधून आवाज आला. दोन गोटे एकमेकांवर हलकेच वाजवावेत तसा. टक्. टक्-टक्.

काका ताडकन उठून बसले. "सोनपाठी! लहानपणापासून ओळखतो मी हा आवाज."

भिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "आहे, सर! अजून आहे!"

"उघड थैली!" भोंगा आता पुरता शुद्धीवर आला होता. "बूट काढा, जाळं काढा, चला!"

मी गाठ सोडली. थैली कलती केली आणि तिच्यातून पाणी भळाभळा बाहेर आलं. बाजूला, वरच्या अंगाला वीतभर चीर पडली होती. चारही जोड तुडुंब. जाळं, कपडे चिंब. खालच्या नदीचं चहासारखं पाणी कातळावर पसरायला लागलं.

"तिकडे नको!" काका धावले. त्यांनी थैली हिसकावून कातळाच्या मागच्या उतारावर नेली. "इकडे ओता. इकडून ते पुन्हा खालीच जाईल."

 डोहातून पुन्हा आवाज आला. टक्-टक्.

"अनवाणी जाऊ या की," भोंगा हळूच म्हणाला.

"पाय ओले आहेत. कपडे, हात, केस, सगळं त्याच पाण्याने भिजलंय," भिंग म्हणाली. "दोन दिवस वाळायला हवं."

"दोन दिवस? आपल्याकडे खायला एका वेळचं आहे! अगं, फक्त एकदा जाऊन बघायचं. एक फोटो काढायचा. एकदा काय होतंय!"

एकदा काय होतंय!  हेच तीन शब्द, अगदी ह्याच सुरात, दोन वर्षांपूर्वी मी बोललो होतो.

आणि तरीही मला जायचं होतं. आज हे सगळं लिहिताना लपवाछपवी कशाला करू! मला त्या क्षणी त्या पाण्यात उतरायचं होतं. एक बेडूक हातात घेऊन म्हणायचं होतं की बघा, जिवंत आहे, मी सगळं संपवलेलं नाही. मी उठून उभा राहिलो. एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

"सर," भिंग मागून म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"प्रयोगशाळेच्या दारावरचा कागद. तो आपण सातव्या ठिकाणी गेलो त्याच्या आधी लागला की नंतर?"

सातवं ठिकाण म्हणजे नदीचा डावा फाटा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे सोनपाठी होते. भिंग तेव्हा आठवीत होती. तिने आयुष्यातला पहिला सोनपाठी तिथेच ओंजळीत घेतला होता, भिंगातून त्याची पाठ बघितली होती, आणि परतताना बसमध्ये सगळ्यांना त्याचं वर्णन ऐकवून ऐकवून वात आणला होता. पुढच्या महिन्यात गेलो तर पोटं वर करून मेलेले एकतीस बेडूक मिळाले. त्यानंतर एकही नाही.

काका माझ्याकडे बघत नव्हते. काठीच्या टोकाने कातळ खरवडत होते.

"नंतर," मी म्हणालो.

"किती नंतर?"

"मेलेले बेडूक मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मग मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. त्या सकाळी आम्ही सहाव्या ठिकाणी, मुख्य नदीत उतरलो होतो. तिथे बुरशी आहे हे मला ठाऊक होतं. बसमध्ये कोरड्या बुटांची पोती होती. पण बावीस मुलांचे बूट बदलायचे म्हणजे अर्धा तास, आणि बसवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. काका त्या दिवशी बरोबर होते. ते म्हणाले होते, "मास्तर, पोरांचे बूट ओले आहेत." मी म्हणालो होतो, "एकदा काय होतंय!" आणि महिन्याने तक्त्यात ‘मृत्यूचं कारण’ ह्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं होतं, ‘अज्ञात.’

"काका, तुम्हाला माहीत होतं?" भोंग्याने विचारलं.

"मी एकदाच म्हणालो," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. मीही गप्प बसलो."

भिंगने डोहाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी पहिली मीच उतरले होते, सर."

"मी उतर म्हणालो म्हणून उतरलीस. तुझा काडीचाही दोष नाही."

"पण हात माझेच होते ना."

  शिक्षकाच्या चुकीचं ओझं शिक्षकाने एकट्याने वाहावं, पण तसं होत नाही. आठवीतल्या मुलीच्या ओंजळीतही ते जाऊन बसतं. मला फार लाज वाटली.

मी बूट परत फाटक्या थैलीत भरले. "कुणीही ह्या कातळाच्या पुढे जायचं नाही," मी म्हणालो. "मीसुद्धा."

भोंग्याने तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच न बोलता मिटलं. काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून भिंगच्या हातात दिलं. आम्ही चौघं कातळावर शेजारी-शेजारी बसलो आणि दहा मिनिटं ऐकत राहिलो. दहा मिनिटं भोंगा गप्प होता! श्वाससुद्धा जपून घेत होता. आवाज येत होते, कधी ह्या दगडाखालून, कधी त्या. भिंग बोटांवर मोजत होती. शेवटी तिने भिजक्या वहीत कसंबसं लिहिलं: ‘वेगवेगळ्या जागांवरून हाका: सात.’

मग आम्ही उठलो आणि डोहाकडे पाठ करून चालायला लागलो. भिंगने दोनदा मागे वळून बघितलं. मला तेवढंही धैर्य झालं नाही.

लांबची वाट खरोखरच लांब निघाली. दोन ठिकाणी कडा ढासळलेला, एका ठिकाणी काकांनी आम्हाला एकेक करून दोराने खाली सोडलं. भोंग्याच्या दोन्ही पायांची सालटी निघाली, माझा खांदा निखळायचाच काय तो बाकी होता. पण दिवेलागणीला आम्ही पुलावर पोचलो. काकांनी आधी पट्टी वाचली आणि मगच घरी गेले. भोंग्याची आई पुलावरच उभी होती. तिने लेकाला आधी छातीशी धरलं आणि मग मला जे काय ऐकवलं, ते मी खाली मान घालून ऐकून घेतलं. पाणी चढतंय हे कळूनही पुढे गेलो, हे मी स्वतःच तिला सांगितलं होतं.

चार दिवसांनी पाऊस लागला आणि वाट बंद झाली. नकाशावाल्यांच्या नियमाप्रमाणे बेडूक डोळ्यांनी दिसायला हवा. नुसती हाक धरत नाहीत. त्यामुळे बारावा रकाना ह्याही वर्षी कोरा राहिला.

सातवा रकाना मात्र मी बदलला. सगळ्या गटाला प्रयोगशाळेत बसवलं, जुना तक्ता काढला, ‘अज्ञात’ खोडलं आणि लिहिलं: ‘मुख्य नदीतील ओल्या बुटांतून बुरशी आली असण्याची दाट शक्यता. बूट बदलू न देण्याचा निर्णय शिक्षकाचा.’ खाली सही केली, आणि दुरुस्तीचं पत्र नकाशावाल्यांना पाठवलं.  मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. डाव्या फाट्यावर दर महिन्याला जातो, दहा मिनिटं ऐकतो, शून्य लिहितो आणि परत येतो.

मोहिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला भिंग येईल की नाही, ह्याची मला धास्ती होती. ती आली. कुणी न सांगताच गच्चीच्या दारात उभी राहिली आणि बूट तपासायला लागली. बुटात कोपरापर्यंत हात घालायचा, बोटं टोकापर्यंत फिरवायची, मग कोरडा असेल तरच मालकाच्या हातात द्यायचा. मुलं रांगेने पुढे सरकत होती. माझा नंबर सगळ्यात शेवटी होता.

"सर, तुमचे आधी द्या," ती म्हणाली.

मी दिले. तिने हात आत घातला आणि बराच वेळ चाचपून बघितलं. इतर कुणाचेही बूट तिने इतका वेळ तपासले नव्हते. मग तिने हात बाहेर काढला, बोटं उन्हात धरून भिंगातून नीट निरखली, आणि बूट माझ्या हातात देत म्हणाली, "कोरडे आहेत."

तेव्हापासून प्रत्येक फेरीला हे असंच चालतं. भिंग दारात असते, आणि सगळ्यात आधी ती माझ्या बुटात हात घालते.